तीन सेन्सर बदलले तरी इंजिनचा दिवा पेटतोच, ईसीयू बदलायचा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. १२ वर्षं जुना, २४ व्होल्टचा, कॉमन रेल डिझेल ट्रक. खराब रस्ता लागला की इंजिनचा पिवळा दिवा पेटतो, पिकअप मरतो, आरपीएम एका हद्दीपुढे चढत नाही. चावी बंद करून पुन्हा फिरवली की कधी गाडी सुधारते, कधी नाही. स्कॅनरवर एसपीएन १०२, एसपीएन १०० आणि एसपीएन ९४, तिन्हींना एफएमआय ४. बूस्ट प्रेशरचा (टर्बो इंजिनात दाबून भरतो त्या हवेच्या प्रेशरचा) सेन्सर बदलला, मग ऑइल प्रेशरचा, मग डिझेल प्रेशरचा. कोड जागचे हलले नाहीत. आता मेकॅनिक म्हणतोय की ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, गेला.

ईसीयूला हात लावू नका, निदान अजून तरी. तुम्ही दिलेल्या तीन कोडमध्येच बरंच काही आहे, आणि ते ईसीयूकडे बोट दाखवत नाही.

आधी तो शेवटचा ४ बघू. जड वाहनांच्या कोडचे दोन भाग असतात. एसपीएन सांगतो तक्रार कशाबद्दल आहे: १०० म्हणजे ऑइलचं प्रेशर, १०२ बूस्ट, ९४ डिझेलचं प्रेशर, ११० कूलंटचं तापमान. एफएमआय सांगतो तक्रार कोणत्या जातीची आहे. बहुतेक जण एसपीएन वाचतात, सेन्सरचं नाव काढतात आणि थेट नवा सेन्सर मागवतात. माझी नजर आधी एफएमआयवर जाते. ० आणि १ म्हणजे सेन्सर नीट बोलतोय, पण तो जे सांगतोय तेच धोक्याचं आहे. ० म्हणजे फार जास्त, १ म्हणजे फार कमी. १५ ते १८ ही त्यांचीच सौम्य भावंडं. ३ म्हणजे व्होल्टेज हद्दीच्या वर, ४ म्हणजे खाली, ५ म्हणजे करंट कमी किंवा सर्किट तुटलेलं, ६ म्हणजे करंट जास्त किंवा वायर अर्थला लागलेली. २ म्हणजे आकडा येतोय, पण भरवशाचा नाही.

म्हणून एसपीएन १०० बरोबर एफएमआय १ आला तर इंजिन तिथल्या तिथे बंद करायचं, कारण ऑइलचं प्रेशर खरंच पडलेलं असू शकतं. त्याच एसपीएनला एफएमआय ४ असेल तर ती विजेची भानगड आहे: वायर, सप्लाय किंवा सेन्सर. तरीही एकदा ऑइल गॅलरीला मेकॅनिकल गेज लावून खरं प्रेशर बघून घ्या. ईसीयूला ऑइल प्रेशर दिसत नसताना ते खरंच पडलं, तर तुम्हाला सावध करणारं कोणी उरत नाही.

लहान ट्रकमध्ये ‘पी’चे कोड येतात. तिथेही हाच भेद असतो, फक्त तो नावात दडलेला असतो. पी०११७ म्हणजे कूलंट तापमानाच्या सर्किटचा व्होल्टेज कमी, पी०११८ म्हणजे जास्त. दोन्ही ‘कूलंट सेन्सर’ या एकाच नावाखाली खपतात, पण पहिल्यात वायर कुठेतरी अर्थ होतेय आणि दुसऱ्यात कुठेतरी तुटलीय. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून ओबीडी-२, म्हणजे गाडीनेच स्वतःचे दोष ओळखून कोड देण्याची ठरीव पद्धत, सक्तीचं झालं आणि हे कोड एका साच्यात आले. त्याआधीच्या गाड्यांत प्रत्येक कंपनीची तऱ्हा वेगळी. कुठे दोन पिना जोडून दिव्याचे लुकलुके मोजायचे, कुठे चावी तीनदा फिरवायची. तशी गाडी असेल तर तिचं मॅन्युअल जपून ठेवा.

आता मुख्य गोष्ट. तीन सेन्सर, तिघांची एकच तक्रार, तीही एकाच वेळी. तीन वेगळे सेन्सर एकाच खड्ड्यात एकदम मरत नाहीत. त्यांच्यात सामाईक काय आहे ते शोधायचं, आणि ते असतं ५ व्होल्टचं सप्लाय. प्रेशर सेन्सरला बहुतेक वेळा तीन वायरी असतात: ५ व्होल्ट, सेन्सरचा अर्थ आणि सिग्नल. ईसीयू बॅटरीच्या २४ व्होल्टमधून स्थिर ५ व्होल्ट तयार करतो आणि एकाच लाइनवरून तीन-चार सेन्सरना वाटतो. ही लाइन कुठेही इंजिनच्या लोखंडाला टेकली की ईसीयू स्वतःला वाचवण्यासाठी सप्लाय दाबतो, लाइन शून्याजवळ येते आणि तिच्यावरचे सगळे सेन्सर एकदम मुके होतात. ईसीयूला प्रत्येकाचा सिग्नल खाली गेलेला दिसतो आणि तो प्रत्येकाच्या नावाने एक कोड लिहितो. काही इंजिनांत सोबत ६२०, ३५०९ किंवा ३५१० असा सप्लायचा स्वतःचा कोडही येतो. यादीत खाली कुठे तो आहे का, पुन्हा बघा. स्कॅनरवर वरचे तीन दिसले की खाली कोणी सरकवत नाही.

पिकअप का मरतो तेही यातच आलं. बूस्ट किती आहे हे कळत नसेल तर किती डिझेल जाळायला हवा पुरेशी आहे हे ईसीयूला ठरवता येत नाही. मग तो डिझेल आखडतो. टर्बो आणि फिल्टरला यात दोष देऊ नका.

मोजायचं असं. चावी ऑन, इंजिन बंद. बूस्ट सेन्सरचा कपलर, म्हणजे वायरींचा प्लग, काढा. मीटर डीसी व्होल्टवर. काळी वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हला, सेन्सरच्या अर्थ पिनला नाही, कारण तो अर्थ चांगला आहे हे अजून ठरलेलं नाही. लाल वायर सप्लायच्या पिनला. ४.७५ ते ५.२५ च्या मध्ये आकडा हवा. शून्य किंवा एक-दीड व्होल्ट आला तर मीटर तसाच लावून ठेवा आणि त्याच सप्लायवरचे बाकीचे सेन्सर एकेक करून काढत जा. कोणते सेन्सर एका लाइनवर आहेत ते वायरिंग डायग्राममध्ये मिळतं. ॲक्सिलरेटर पेडलचं सप्लाय बऱ्याचदा वेगळं असतं. एखादा कपलर काढताक्षणी मीटर ५ वर उडी मारेल. तो सेन्सर आतून शॉर्ट आहे, आणि गंमत म्हणजे तो बऱ्याचदा कोडच्या यादीत नसतोच. सगळे काढूनही आकडा खालीच राहिला तर दोष वायरिंगमध्ये आहे.

तुमच्या बाबतीत उभ्या गाडीवर बहुधा छान ५ व्होल्ट दिसतील. त्यावर भुलू नका. तुमची तक्रार हलत्या गाडीची आहे, तेव्हा हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, हलवून बघायला हवा. मीटरला किमान-कमाल आकडा धरून ठेवायची सोय असेल तर ती चालू करा. नसेल तर एकाला मीटरवर बसवा आणि तुम्ही ईसीयूपासून निघून वितीवितीने हार्नेस पिळत, दाबत, ओढत पुढे जा. सिलिंडर हेडच्या मागची बाजू, इनटेक मॅनिफोल्डचे ब्रॅकेट, टर्बोजवळून जाणारा तुकडा, आणि केबिन पुढे कलणारी असेल तर तिच्या बिजागरीजवळचा वळसा, इथे हात जरा जास्त वेळ थांबू द्या. केबिन प्रत्येक वेळी उचलली की तो वळसा वाकतो. १२ वर्षांत तो कितीदा वाकला असेल याचा हिशेब करा. मूळ क्लिपा तुटलेल्या असतात आणि कुणीतरी हार्नेस केबल टायने जवळच्या कुठल्याही पत्र्याला बांधलेला असतो. हेच मला सगळ्यात जास्त वेळा सापडलंय.

मीही यात पोळलोय. अशाच कोडचा एक ट्रक आला होता, त्याला मी दोन सेन्सर बदलून दिले आणि आठ दिवसांत तो परत आला. मीटर लावला तर ५.०२. हार्नेस हलवला, आकडा ढिम्म. शेवटी इंजिन चालू करून एकाला रेस द्यायला सांगितलं. रेस दिली की इंजिन माउंटिंगवर एका बाजूला कलतं, हे आपण रोज बघतो आणि विसरतो. इंजिन कललं आणि मीटर ०.३ वर आला, रेस सोडली की परत ५. मॅनिफोल्डमागे एका लोखंडी क्लॅम्पखालून हार्नेस जात होता. वरची नालीदार नळी समोरून धड होती. क्लॅम्प खोलून नळी उलटी केली तेव्हा आतल्या बाजूला टाचणीच्या डोक्याएवढा उघडा तांब्याचा ठिपका दिसला, कडेने हिरवी भुकटी, आणि क्लॅम्पवर तेवढाच एक घासून चकचकीत झालेला डाग. दुरुस्तीला एक क्रिम्प, हीट श्रिंकचा एक तुकडा आणि रबराचा एक अस्तर लागला. आधीचे दोन सेन्सर मला पदरचे सोसावे लागले.

अर्थ खराब असण्याचीही शक्यता असते, पण तुमच्या कोडशी ती जुळत नाही. तीन वायरींच्या सेन्सरचा अर्थ तुटला की सिग्नल साधारणपणे वर चढतो आणि एफएमआय ३ येतो. तरी जुन्या गाडीत अर्थ तपासायला दोन मिनिटं लागतात, म्हणून तपासाच. इंजिन चालू, हेडलाइट आणि ब्लोअर चालू, मीटर डीसीवर, एक टोक बॅटरी निगेटिव्हला आणि दुसरं सेन्सरच्या अर्थ पिनला. ०.१ व्होल्टच्या आत हवं. मग एक टोक इंजिन ब्लॉकला लावून सेल्फ मारा. सेल्फ मारताना ०.३ च्या वर जात असेल तर ब्लॉकची अर्थ पट्टी काढून दोन्ही टोकं चकचकीत घासा. ओहमवर अर्थ मोजण्यात काही अर्थ नाही. दहापैकी एक तार शिल्लक असलेली पट्टीही ओहमवर उत्तम दिसते. लोड आला की तिचं खरं रूप कळतं.

बॅटरीचंही तसंच. २४ व्होल्टच्या गाडीत दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा, एक ताजी आणि एक मेलेली अशी जोडी अनेकदा निघते. चार्जिंग साधारण २७.५ ते २८.५ असावं. मग मीटर एसीवर टाकून बॅटरीवरच मोजा. अर्ध्या व्होल्टच्या वर एसी दिसला तर अल्टरनेटरचा डायोड गेलाय असा संशय घ्या. त्या लहरींमुळे भलतेसलते कोड येतात आणि ते कुठल्याच एका सेन्सरला लागू पडत नाहीत.

आता सेन्सर स्वतः चांगला की वाईट हे बदलून न बघता कसं ठरवायचं. माझी आवडती तपासणी सकाळची आहे. गाडी रात्रभर थंड होऊ द्या. सकाळी चावी ऑन करा, इंजिन चालू करू नका आणि स्कॅनरवर चालू आकडे बघा. कूलंट, आत जाणारी हवा, डिझेल, ऑइल ही सगळी तापमानं एकमेकांच्या चार-पाच अंशांच्या आत हवीत, कारण रात्रभर सगळं एकाच हवेत निवलंय. एखादा त्यांच्यापेक्षा १५ अंश वर किंवा खाली असेल तर तो खोटारडा आहे, मग कोड असो वा नसो. ऑइल प्रेशर शून्य हवं. बूस्टचा सेन्सर संपूर्ण दाब दाखवत असेल तर त्याने बाहेरच्या हवेचा दाब दाखवायला हवा: समुद्रसपाटीला साधारण १०१ किलोपास्कल, हजार मीटर उंचीवर ९० च्या आसपास. रेल प्रेशर शून्याला टेकलेलं, आणि त्या सेन्सरचा सिग्नल बहुतेक गाड्यांत अर्ध्या व्होल्टच्या जवळपास. पाच मिनिटांत निम्मे सेन्सर तपासून होतात आणि एकही पाना उचलावा लागत नाही.

तापमानाच्या दोन वायरींच्या सेन्सरसाठी याहून सोपी युक्ती आहे. कपलर काढला की स्कॅनरवर उणे ४० किंवा त्याच्या आसपासचा आकडा यायला हवा. मग कपलरच्या दोन पिना एका वायरच्या तुकड्याने जोडा, आकडा दुसऱ्या टोकाला, १३०-१४० च्या वर जायला हवा. दोन्ही टोकं गाठली तर वायरिंग आणि ईसीयू दोन्ही ठीक, सेन्सर बदला. यापैकी एक टोक गाठलं नाही तर नवा सेन्सर घालून काहीही होणार नाही. काही ईसीयू कपलर काढल्याबरोबर स्वतःच एक ठरीव आकडा धरून बसतात, तेव्हा तापमानाऐवजी व्होल्टेजचा आकडा बघा. आणि ही युक्ती फक्त दोन वायरींच्या तापमान सेन्सरसाठी आहे. तीन वायरींच्या सेन्सरवर पिना जोडायला जाल तर ५ व्होल्ट अर्थला लावाल.

क्रँक सेन्सरचा (इंजिन फिरतंय का आणि किती वेगाने, हे सांगणाऱ्या सेन्सरचा) विषय तुमच्या प्रश्नात नाही, म्हणून धावता सांगतो. दोन वायरींचा चुंबकी सेन्सर असेल तर सेल्फ मारताना मीटरवर एसी व्होल्ट दिसायला हवेत. गाडी तापल्यावर बंद पडते आणि निवल्यावर सुरू होते, अशी तक्रार असेल तर हाच पहिला संशयित. पण बदलण्याआधी काढून त्याचं टोक बघा. लोखंडाचा कीस चिकटून दाढी वाढलेली असते, ती पुसली की बऱ्याचदा काम होतं. कीस कुठून आला हा मात्र पुढचा प्रश्न.

कधी कधी सेन्सर खरं बोलत असतो आणि आपण त्यालाच काढून फेकतो. एका ट्रकचा कूलंट सेन्सर उताराला ठीक आणि चढाला अचानक ४० अंश दाखवायचा. मालकाने दोन सेन्सर घातले होते. रेडिएटरमध्ये कूलंट कमी होतं. चढाला पाणी मागे सरकलं की सेन्सरचं टोक उघड्या हवेत राहायचं आणि तो त्या हवेचं तापमान इमानदारीत सांगायचा. पेट्रोल इंजिनात मिश्रण पातळ असल्याचा पी०१७१ आला की लोक ऑक्सिजन सेन्सर बदलतात, तेव्हा बिचारी फाटलेली व्हॅक्यूम नळी बाजूला फुसफुसत असते.

काढलेले तीन सेन्सर फेकले नसतील तर ते जपून ठेवा, आणि नवे कोणत्या नंबरचे घातलेत ते पडताळा. कपलर तोच असला तरी आतलं मोजमाप वेगळं असू शकतं. ३ बारचा बूस्ट सेन्सर ४ बारच्या जागी चपखल बसतो, कोडही येत नाही, फक्त गाडी धूर काढते किंवा ओढत नाही. मूळ दोष निघाल्यावर ही नवी भानगड मागे राहिली तर डोकं फिरेल. माझ्या अंदाजाने तुमचे जुने तिन्ही सेन्सर चांगले असतील.

मोजताना काय करू नये तेही सांगतो, कारण अर्धे दोष तपासणीतूनच जन्माला येतात. फिलामेंटच्या बल्बची टेस्ट लॅम्प सेन्सरच्या वायरींना लावू नका, तिचा करंट ईसीयूला झेपणारा नसतो. वायरीला सुई टोचून भोक पाडू नका; त्या भोकातून पाणी शिरतं आणि सहा महिन्यांनी तांब्याची हिरवी भुकटी होते. कपलरच्या मागून, रबरी सीलच्या कडेने बारीक पिन सरकवा. मीटरचं जाड टोक मादी पिनमध्ये कोंबलं की ती पिन कायमची सैल होते. तिची पकड बघायची तर त्याच मापाची सुटी नर पिन घालून ओढून बघा. ती अडून निघाली पाहिजे, अलगद सुटली तर तोच लूज कॉन्टॅक्ट. तारा पिळून वर टेप गुंडाळलेला जोड दिसला तर तो कापून नीट क्रिम्प करा, कोडशी त्याचा संबंध असो वा नसो. कॅनच्या, म्हणजे गाडीतले कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात त्या लाइनच्या, दोन वायरी एकमेकींना पिळलेल्या असतात, दुरुस्तीनंतरही तो पीळ ठेवा. त्या लाइनवर बॅटरी सुटी करून मोजल्यास ६० ओहमच्या आसपास आलं पाहिजे. १२० आलं तर एका टोकाचा रेझिस्टर किंवा वायर गायब आहे.

कोड पुसण्याआधी सगळे लिहून किंवा फोटो काढून ठेवा: कोणता चालू, कोणता जुना, किती वेळा आला, आणि दिसत असेल तर त्या क्षणीचा वेग, आरपीएम, तापमान. कपलर काढून तपासताना नवे कोड तयार होतात. ते यादीत मिसळले की नंतर कशाचा पत्ता लागत नाही. म्हणून तपासणी झाल्यावर पुसायचं आणि मग तोच खराब रस्ता.

राहिला ईसीयू. तो दोषी ठरवण्याआधी तीन गोष्टी हातात हव्यात. पहिली, ईसीयूच्या पॉवर आणि अर्थ पिना लोडवर तपासलेल्या. बॅटरी सुटी करून ईसीयूचा कपलर काढा, बॅटरी पुन्हा जोडा, चावी ऑन करा आणि हार्नेसच्या बाजूने त्याच पिनांवर २४ व्होल्टचा २१ वॅटचा बल्ब पेटवा. बल्ब लख्ख पेटला पाहिजे. मघाशी बल्ब नको म्हटलं ते सेन्सरच्या वायरींबद्दल; इथे ईसीयू सुटलेला आहे आणि ही बॅटरीची लाइन आहे. दुसरी, बॅटरी पुन्हा सुटी, ईसीयू आणि त्या सप्लायवरचे सगळे सेन्सर सुटे असताना ५ व्होल्टच्या वायरीचा ना अर्थशी संबंध ना शेजारच्या वायरीशी, हार्नेस पिळतानासुद्धा. तिसरी, एवढं स्वच्छ निघाल्यावर ईसीयू आणि बॅटरी जोडून, सेन्सर सुटेच ठेवून, चावी ऑन केल्यावर तरीही ५ व्होल्ट नाहीत, किंवा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ईसीयूवर हलकेच टकटक केल्यावर ते जातात. तेव्हा तुमचा मेकॅनिक बरोबर.

आणि तसं निघालंच तर दुसऱ्या ट्रकचा ईसीयू आणून बसवायच्या फंदात पडण्याआधी जुन्यातला डेटा उतरवून घ्या. प्रत्येक इंजेक्टरचा स्वतःचा कोड त्यात भरलेला असतो, वेगमर्यादा आणि इमोबिलायझरही तिथेच असतं. इंजेक्टरचे कोड बहुधा त्यांच्या डोक्यावर कोरलेले किंवा छापलेले असतात, पण काळवंडल्यावर वाचता येत नाहीत.